जुना गिटारिस्ट पाहुणा म्हणून येतोय, त्याला किती गाणी द्यायची?

नागपूरच्या एका जुन्या रॉक बँडच्या बासिस्टने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बँड सुरू झाला तेव्हा व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजला व्हीआरसीई म्हणायचे, आणि आता बँडची पंचविशी केव्हाच उलटली. पहिला लीड गिटारिस्ट नोकरीपायी बाहेर पडला, आता चेन्नईत असतो. त्याच्या जागी आलेला मुलगा (मुलगा कसला, तोही चाळिशीला टेकला) तेव्हापासून बँड सांभाळतोय. डिसेंबरात वर्धापनाचा कार्यक्रम आहे आणि जुन्याने स्वतःहून 'येतो' म्हणून कळवलंय. गायकाचं म्हणणं, त्याला पूर्ण दीड तास उभं करू. ड्रमर म्हणतो, एक गाणं, एक शाल-श्रीफळ, संपला विषय. आताचा गिटारिस्ट 'मला काहीही चालेल' म्हणून गप्प आहे. तर गाणी किती द्यायची, कोणती द्यायची आणि त्याला हे सांगायचं कसं?

मी गावातल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवली, कॉलेजांच्या रॉक शोंना साउंड लावला, आणि आता बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या कार्यक्रमांचं स्टेज सांभाळण्यात जातो. तेव्हा सरळ सांगतो. दोन गाणी द्या, आणि शेवटच्या गाण्याला सगळ्यांबरोबर उभं करायचं असेल तर करा, पण ते धरू नका. त्या दोनातलं एक मात्र लांब असू द्या. आठ-दहा मिनिटांचं, मधे मोकळी जागा असलेलं, जिथे तो खरोखर वाजवू शकेल. गाण्यांच्या संख्येत काटकसर करा, गाण्याच्या आत करू नका. बँडवाले नेमकं उलटं करतात. सहा गाणी देतात आणि सहाही गाण्यांत पाहुणा मागे उभा राहून कॉर्ड धरतो.

या बाबतीत रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडकडे बघण्यासारखं आहे. गिटारिस्ट मिक टेलर १९६९च्या जूनमध्ये ब्रायन जोन्सच्या जागी आला, वय अवघं वीस. ५ जुलैला हाइड पार्कात त्याचा त्यांच्यासोबतचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, आणि जोन्सला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. १९७४च्या डिसेंबरात टेलरने बँड सोडला. त्याच्या जागी रॉनी वुड आला, तो आजतागायत आहे. २०१२मध्ये बँडला पन्नास वर्षं झाली आणि नोव्हेंबरात लंडनच्या ओटू अरिनात कार्यक्रम लागले. तिथे दोन जुने लोक पाहुणे म्हणून आले. एक टेलर आणि दुसरा जुना बासिस्ट बिल वायमन, जो १९९३पर्यंत बाहेर पडला होता. वायमनला दोन गाणी मिळाली, 'इट्स ओन्ली रॉक अँड रोल' आणि 'हाँकी टाँक विमेन'. टेलरला एकच, 'मिडनाइट रॅम्बलर'.

हिशेबाने बघितलं तर वायमनचं पारडं जड. झालं उलटंच. आपल्याला जास्त वाव मिळेल असं वाटलं होतं, हे वायमनने नंतर उघड बोलून दाखवलं आणि पुढे अमेरिकेतल्या कार्यक्रमांना तो गेला नाही. टेलर मात्र २०१३च्या अमेरिका दौऱ्यात होता, जूनमध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात होता, जुलैत परत हाइड पार्कात होता आणि २०१४च्या दौऱ्यातही पाहुणा म्हणून फिरत राहिला. स्वभाव, वय, जुने हिशेब हे सगळं असतंच, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण स्टेजवर काम करणारा माणूस म्हणून मला यात एक साधी गोष्ट दिसते. वायमनला मिळालेली दोन्ही गाणी ठरलेल्या चौकटीची आहेत. बास काय वाजवणार हे पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत ठरलेलं आहे. तुम्ही आलात, वाजवलंत, गाणं संपलं. 'रॅम्बलर' तसं नाही. ते गाणं मधे जवळपास थांबतं, लय ठाय होते, हार्मोनिका आणि गिटार एकमेकांना छेडतात, मग लय चढत जाते. स्टेजवर ते दहा मिनिटांच्या वर सहज जातं. एकच गाणं, पण त्यात टेलरला घुसायला दारं पाच.

अजून एक बारकावा बघा, तुमच्या उपयोगाचा आहे. 'मिडनाइट रॅम्बलर' १९६९च्या 'लेट इट ब्लीड' या रेकॉर्डवर आहे, आणि त्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये टेलर नाही. ती गिटार कीथ रिचर्ड्सची. टेलरचा हात त्यावर पडला तो स्टेजवर; त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्याने वाजवलेलं पुढे १९७०च्या लाइव्ह रेकॉर्डवर आलं. स्टुडिओतलं सातेक मिनिटांचं गाणं तिथे नऊ मिनिटांवर गेलं. म्हणजे 'त्याचं गाणं' कोणतं, हे कॅसेटच्या कव्हरवर कोणाचं नाव छापलंय त्यावरून ठरवू नका. कोणत्या गाण्याचं अंग त्याच्या हाताने वाढलं, ते बघा.

तुमच्या बँडला याची एक सोपी परीक्षा घेता येईल. जुन्या गाण्यांची यादी काढा आणि आताच्या गिटारिस्टला विचारा, यातल्या कुठल्या गाण्यातला पीस तू मनातून कधीच आपला मानला नाहीस? तो लगेच दोन-तीन नावं घेईल. बदली माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. काही पीस तो वर्षानुवर्षं वाजवतो, चोख वाजवतो, पण वाजवताना त्याला कळत असतं की ही दुसऱ्याची सही आहे. पाहुण्याची गाणी तिथून निवडा. यात आणखी एक गोष्ट साधते: गप्प बसलेला माणूस निवडीत सामील होतो. 'मला काहीही चालेल' हे आपल्याकडे होकार म्हणून धरलं जातं. तो होकार नसतो, राजेहो.

उलट ज्या गाण्यावर आताच्या गिटारिस्टने स्वतःची छाप पाडली आहे, त्याला पाहुण्याने हात लावू नये, ते मूळ पाहुण्याने बसवलेलं असलं तरी. स्टोन्सच्या त्या कार्यक्रमांत टेलर आला म्हणून वुड विंगेत जाऊन बसला नाही. तो स्टेजवरच राहिला, तीन गिटारी झाल्या, लीडची जागा त्याने त्या गाण्यापुरती मोकळी केली आणि गाणं संपल्यावर ती परत त्याची झाली. तुमच्याकडेही आताच्या माणसाला खाली उतरवू नका. लोकांना दिसलं पाहिजे की जागा कोणी हिसकावली नाही, देणाऱ्याने दिली आहे.

आता तांत्रिक भागाकडे येतो, कारण खरा घोळ तिथे होतो आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

पहिली गोष्ट स्केल. तुमचा गायक वीस वर्षांचा होता तेव्हा जे गाणं ई मध्ये गायचा, ते आज तो डी मध्ये गातो. जुन्या बँडांत हे सर्रास होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पाहुण्याच्या बोटांना ई च आठवतोय. गिटारवर ई मधलं रॉक गाणं म्हणजे खालची जाड तार मोकळी वाजत राहते आणि वर बोटं रिफ काढतात. ते गाणं डी मध्ये आणलं की ती मोकळी तार गेली. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, लावून भागत नाही, कॅपोने स्केल वर चढतं, उतरत नाही. मग एकच रस्ता उरतो. एक गिटार अख्खी दोन फ्रेट खाली उतरवून, म्हणजे डी-जी-सी-एफ-ए-डी अशी मिळवून, त्या गाण्यापुरती वेगळी ठेवायची. ती नेहमीच्या पातळ तारांवर उतरवली तर तारा लोळतात, जोरात वाजवलं की सूर वर सरकून परत खाली येतो, आणि फ्रेटवर खडखड ऐकू येते. अकराचा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट चढवा, आणि चढवल्यावर इंटोनेशन बघून घ्या: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक, ट्यूनरवर दोन्ही एकाच जागी आले पाहिजेत. हे काम आदल्या दिवशी व्हावं. सभागृहात पोचल्यावर नाही.

डिसेंबरातलं नागपूर कोरडं असतं, चेन्नई दमट. तिकडून आलेल्या गिटारीचं लाकूड इथे ओल सोडतं, मान थोडी सरळ होते आणि जी गिटार तिकडे मऊ वाजत होती तिच्या तारा इथे फ्रेटला लागू लागतात. म्हणून पाहुणा निदान दोन दिवस आधी येईल असं बघा, किंवा सरळ इथलीच एखादी चांगली गिटार त्याच्यासाठी तयार ठेवा. विमानातून गिटार आणण्याची कटकटही वाचते. पण 'माझीच गिटार' हा हट्ट असेल तर तो पुरवा. हातातल्या वाद्याबद्दल गिटारिस्टशी वाद घालण्यात कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट, तीन गिटारी. तुमच्याकडे एक रिदम, एक लीड आणि आता हा तिसरा. वर कीबोर्ड. गिटारचा सगळा जोर मधल्या पट्टीत असतो, आणि दोनशे ते पाचशे हर्ट्झच्या आसपास तिघेही एकाच वेळी पूर्ण सहा तारांचे कॉर्ड ओढू लागले की बाहेर नुसता गढूळ गोंगाट येतो. साउंडवाला मग गायकाचा आवाज वाचवायला तिन्ही गिटारी खाली घेतो, आणि ज्याच्यासाठी लोक आले तोच ऐकू येत नाही. याचा इलाज मिक्सरवर नाही, वाजवण्यात आहे. एकाने खालच्या दोन-तीन तारांवर पॉवर कॉर्ड धरावेत, तेही हाताने दाबून, आखूड. दुसऱ्याने वरच्या तीन तारांवर, सातव्या-नवव्या फ्रेटच्या पुढे, कॉर्डचे छोटे आकार घ्यावेत आणि प्रत्येक ठेक्यावर न वाजवता मधल्या जागा भराव्यात. तिसऱ्याने फक्त लीड वाजवावं, आणि लीड नसेल तेव्हा खुशाल हात खाली सोडून उभं राहावं. कीबोर्डवाल्याचा डावा हात त्या गाण्यात बंद. गेन तिघांनीही नेहमीपेक्षा कमी ठेवावा, कारण घरी एकट्याने वाजवताना जो डिस्टॉर्शनचा आवाज भरदार वाटतो तोच तिघांत मिळून माश्यांसारखा गुणगुणतो. स्टोन्सच्या गिटारी एकमेकींच्या पायात येत नाहीत यामागे एक कारण हेही आहे की रिचर्ड्स बऱ्याच गाण्यांत सहावी तार काढून पाच तारांच्या ओपन जी वर, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्डच वाजेल अशा मिळवणीवर, वाजवतो. त्याच्या कॉर्डांचे आकारच शेजारच्या गिटारपेक्षा वेगळे पडतात.

तिसरी गोष्ट लय. जुना गिटारिस्ट होता तेव्हा तुम्ही ड्रमरच्या पायावर चालत होता. आता कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टकटक असेल, एखाद्या गाण्याला मागे आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅकही असेल. ट्रॅक थांबत नाही आणि पाहुण्याचा सोलो रंगला म्हणून चार आवर्तनं वाढतही नाही. तेव्हा त्याच्या लांब गाण्याला क्लिक काढून टाका. ट्रॅक तर नकोच. सोलोतून बाहेर कसं यायचं त्याची खूण ठरवा. गिटारची मान वर उचलली की पुढच्या चार मात्रांनंतर कट, एवढं पुरे. ही खूण ड्रमरने बघायची आहे, गायकाने नाही. गायक त्या वेळी लोकांकडे बघत असतो किंवा पाणी पीत असतो.

प्रॅक्टिस दोन हव्यात, आणि पहिलीत ड्रम नकोत. तिघे गिटारिस्ट एका खोलीत बसवा, धरमपेठेत कोणाच्या घरी, लक्ष्मीनगरात कोणाच्या गच्चीवर, कुठेही. अँप बारीक. जुनी कॅसेट किंवा तेव्हाचं कसलंही रेकॉर्डिंग लावा, मग तुमचं आजचं लावा, आणि फरक कुठे आहे ते आधी नुसतं ऐका. मधल्या काळात कडवं कमी केलेलं असतं, शेवट बदललेला असतो, सुरुवातीचा पीस अर्धा झालेला असतो, आणि तुम्हाला ते रोजचं झाल्याने सांगायचं सुचत नाही. पाहुणा मग स्टेजवर जुन्या जागी शिरतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. दुसरी प्रॅक्टिस पूर्ण बँडची. त्यात त्याची गाणी तर वाजवाच, पण त्याच्या आधीचं गाणं संपणं आणि त्याचं आत येणं हाही भाग तसाच करून बघा.

कारण पाहुणा आत येतो ते अर्धं मिनिट सगळ्यात नाजूक असतं. गायक नाव घेतो, टाळ्या पडतात, माणूस येतो, गळ्यात पट्टा अडकवतो, जॅक खुपसतो आणि सभागृहभर 'ढप्प' आवाज जातो. मग ट्यूनिंग. मग 'आवाज येत नाहीये', मग कोणीतरी विंगेतून धावतो. टाळ्या तोवर विरलेल्या असतात. हे टाळायचं तर त्याचा अँप, पेडल आणि केबल पहिल्यापासून जोडलेलं राहू द्या, साउंड चेकमध्ये त्याची पातळी घेऊन चॅनल म्यूट करा, आणि विंगेत गिटार हातात देणारा एक माणूस नेमा ज्याला दुसरं काहीच काम नाही. गिटार म्यूट असतानाच ट्यूनर पेडलवर मिळवून घ्यायची. नाव जाहीर व्हायच्या आधीच तो अँपजवळ अंधारात उभा असावा आणि पहिला सूर त्याचाच निघावा. गायकाने भाषण करू नये. ओळख एका वाक्यात, बाकीचं गिटार सांगेल. मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून असलेल्या स्पीकरमध्ये, त्याला काय हवं तेही आधीच विचारा. तुम्ही सगळे कानात इन-इअर घालून वाजवत असाल आणि तो आयुष्यभर मागच्या अँपचा आवाज ऐकून वाजवलेला असेल, तर त्याच्या पायाशी एक वेज मॉनिटर ठेवा. त्याच दिवशी त्याला इन-इअरची सवय लावायला जाऊ नका.

कार्यक्रमात जागा कुठली? पहिलं गाणं नको, हॉल अजून भरत असतो आणि साउंडही बसत असतो. अगदी शेवटी ठेवलं तर लोक अख्खा वेळ त्याचीच वाट बघतात आणि मधली तुमची आजची गाणी वाया जातात. दोन तृतीयांश कार्यक्रम झाल्यावर आणा. दोन्ही गाणी सलग. मग त्याने खाली उतरावं, आणि तुम्ही आजच्या बँडने किमान दोन दणदणीत गाणी करावीत. हे महत्त्वाचं आहे. पाहुणा गेल्यावर कार्यक्रम पडला तर तो बँडसाठी वाईट आणि पाहुण्यासाठी त्याहून वाईट, कारण मग 'तो असताना मजा होती' ही चर्चा सुरू होते आणि बाहेर चहाच्या टपरीवर ती वर्षभर चालते. शेवटी त्याला परत बोलवायचं असेल तर बोलवा, पण तिथे त्याच्याकडून काही अपेक्षा नको. टेलरलाही २०१३मध्ये 'सॅटिस्फॅक्शन'ला सगळ्यांबरोबर उभं करायचे, आणि हातात अकूस्टिक असायची. त्या गदारोळात अकूस्टिक गिटार कोणाला ऐकू येणार! ते फोटोपुरतं ठीक आहे. फक्त ते फोटोपुरतं आहे हे त्याला माहीत असावं.

वसंतराव देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, हॉल तुम्हाला ठरावीक तासांसाठी मिळतो, त्यातच स्टेज लागायचं, साउंड चेक व्हायचा, सत्कार व्हायचे. सत्कार हा आपल्याकडचा खास प्रकार. शाल पाहुण्याच्या खांद्यावर कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच पडू द्या. गिटार गळ्यात असताना शाल पांघरवण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे, तो कोणावर येऊ नये. आणि मोकळ्या मैदानावर करणार असाल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, ठरावीक दिवसांची सूट सोडली तर. मग पाहुण्याचं लांब गाणं सव्वानऊच्या आत आलंच पाहिजे. उशीर झाला की आयोजक सगळ्यात आधी लांब गाण्यावर कात्री चालवतात.

आता त्याला सांगायचं कसं. तुम्ही बॅचमेट आहात, तेव्हा गोड गोड बोलायची गरज नाही, पण आकडा पहिल्याच फोनवर सांगा. 'ये तर खरा, मग बघू' हे सगळ्यात वाईट वाक्य. तो तिकीट काढेल, चेन्नईत सगळ्यांना सांगेल, बायको-मुलांना घेऊन येईल आणि इथे आल्यावर त्याला कळेल की दोनच गाणी आहेत. त्यापेक्षा म्हणा, 'अबे, दोन गाणी तुझी. पहिलं जसं आहे तसं, दुसरं तू म्हणशील तेवढं लांब. बाकी शो आम्ही जसा करतो तसाच करून राहिलो. चालते का सांग.' त्याला नाही म्हणायची मोकळीक तिथेच मिळते. आणि हो म्हणाला तर तो कशाला हो म्हणाला हे दोघांनाही माहीत असतं. हा फोन गायकाने करू नये, तो भावनेच्या भरात चार गाणी वाढवून देईल. तुम्ही करा.

पोस्टरवर त्याचं नाव 'विशेष सहभाग' म्हणून टाका, आकार बँडच्या नावाच्या निम्मा. 'पुनर्मीलन', 'मूळ संच', 'परत एकदा तेच' असलं काही नको. तसं छापलंत तर तिकीट काढणारा मूळ संच बघायला येईल आणि त्याला दीड तासातली पंधरा-वीस मिनिटंच मूळ संच दिसेल. लोकांची ती तक्रार रास्तच असेल.

एका जुन्या दुखण्याकडे आधी बघून घ्या. तुमची स्वतःची गाणी आहेत ना, त्यांच्या खाली नावं कोणाची आहेत? स्टोन्समध्ये टेलरची नाराजी यावरूनही होती. चालींमध्ये आपला वाटा असूनही श्रेय मिळालं नाही, असं त्याने अनेकदा सांगितलंय. पाच-साडेपाच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या गाण्यांपैकी एकाच गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव आहे, १९७२च्या रेकॉर्डवरचं 'व्हेंटिलेटर ब्लूज'. तुमच्या एखाद्या गाण्याचा पीस, किंवा अख्खी चालच, त्या माणसाने केली असेल आणि यूट्यूबवर नुसतं बँडचं नाव असेल, तर फोन करण्याआधी ते दुरुस्त करा. बोलावणं नंतर. प्रवासाचा, राहण्याचा खर्च बँडने करावा आणि वर मानधनाचं पाकीट द्यावं, तो नको म्हणाला तरी. कामाचे पैसे दिले की काम ठरल्याप्रमाणे होतं. दोस्तीखात्यात बोलावलेला माणूस तिसरं गाणं हक्काने मागतो, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

त्याचा हात आता किती चालतो, हेही स्पष्ट विचारा. नोकरीत बुडालेल्या माणसाच्या बोटांचे घट्टे गेलेले असतात, ते परत यायला काही आठवडे रोज वाजवावं लागतं. काही वेळा अडचण तब्येतीची असते, आणि तिथे तर थोडक्यात ठेवणं हाच मान आहे. जुडास प्रीस्ट या मेटल बँडचा गिटारिस्ट ग्लेन टिप्टन याने २०१८मध्ये पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं. दौऱ्यावर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहिला आणि टिप्टन जमेल त्या दिवशी शेवटच्या दोन-तीन गाण्यांना यायचा. तो काही माजी सदस्य नव्हे, बँडचाच आहे, पण गाणी मोजून ठेवण्यात काही कमीपणा नाही हे त्यावरून दिसतं.

बासिस्टसाहेब, तुमच्या मनात अजून एक शंका असणार, ती तुम्ही लिहिली नाहीत. कार्यक्रम झकास झाला आणि तो म्हणाला, 'आता मी येत जातो,' तर? असं घडू शकतं. गिटारिस्ट एड्रियन स्मिथने १९९०मध्ये आयर्न मेडन हा बँड सोडला, त्याच्या जागी जॅनिक गर्स आला. १९९२च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात डॉनिंग्टनला स्मिथ एका गाण्यापुरता, 'रनिंग फ्री'ला, पाहुणा म्हणून स्टेजवर आला. पुढे १९९९मध्ये तो परतला, आणि गर्सला न काढता बँडने तीन गिटारिस्ट ठेवले. २००७च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर भारताने पाहिले ते हेच तिघे. पण ते एक गाणं आणि ते परतणं यांच्यात सात वर्षं गेली. तुम्हाला त्या रात्री सावजीच्या ताटावर उत्तर द्यायची घाई नाही. 'जानेवारीत बोलू' म्हणा, आणि जानेवारीत आधी आताच्या गिटारिस्टशी बोला.

राहिलं रेकॉर्डिंग. साउंडवाल्याला आगाऊ सांगून निदान त्या दोन गाण्यांचं मल्टिट्रॅक घ्या, पाहुण्याची गिटार वेगळ्या ट्रॅकवर. नुसत्या मिक्सर बोर्डाच्या स्टीरिओवर विसंबलात तर अँपचा आवाज स्टेजवरूनच मोठा असल्याने बोर्डातून तो कमी दिलेला असतो, आणि व्हिडिओत सगळं ऐकू येईल, फक्त पाहुणा सोडून. व्हिडिओ टाकल्यावर चेन्नईहून पहिला फोन याच गोष्टीसाठी येईल, आणि तो गायकाला नाही, तुम्हालाच येईल.